गोडाचा वीट, मिरचीची ओढ: दोनशे किलोमीटरच्या एका राइडचं प्रकरण

बेळगावहून निघायचं, निपाणी-कागल ओलांडून गोकुळ शिरगावपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत फिरायचं. महामार्गानं हे जेमतेम दोनशे किलोमीटर भरतं, म्हणून बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, तयारी करणारे इथले बरेच जण सरावाला हाच रस्ता धरतात. बीआरएमच्या नियमानं 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ज्यांचं हे प्रकरण आहे ते सर खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवतात. वय 47, वजन 68 किलो, गिअरची हायब्रिड सायकल, शंभर-सव्वाशेच्या राइडचा चांगला सराव. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सहाला निघून संध्याकाळी साडेसातच्या आत घरी, असा बेत होता. सोबत कॉलेजात शिकणारा भाचा.

पोचायला आठ वाजून गेले. उशीर होतो, त्यात काही नाही. पण परतीच्या वाटेवर हत्तरगीच्या आसपास सर सर्व्हिस रोडच्या कडेला सायकल टाकून जे खाली बसले, ते बघून भाचा घाबरला. हात थरथरत होते, अंगाला गार घाम, डोळ्यांपुढं अंधारी, आणि विचारलेल्या प्रश्नाला चिडून उत्तर. घशाशी आंबट येत होतं ते वेगळंच. त्याच्या तासभर आधी सरांनी संकेश्वरात दोन प्लेट मिरची भजी खाल्ली होती.

मग काय, ग्रुपवर निदान झालंच: भजी बाधली. दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडं आले ते मात्र वेगळाच प्रश्न घेऊन. मी आहाराचं काम करते आणि थोडीफार सायकलही चालवते, त्यामुळं असली प्रकरणं माझ्याकडं येतात. सर म्हणाले, "मॅडम, मला त्या टायमाला दुसरं कायच नको होतं. शरीरच मागत होतं की. मग बाधलं कसं?"

प्रश्न बरोबर होता. शरीर मागतं ते त्याला हवंच असतं, असं आपण घरात लहानपणापासून ऐकत आलोय. लांबच्या राइडवर ही समजूत किती खरी ठरते, तेच या प्रकरणात बघायला मिळालं.

भाच्यानं फोनमध्ये प्रत्येक थांब्याचे फोटो काढले होते, म्हणून काय खाल्लं ते सांगोवांगी राहिलं नाही. घरून पोह्यांवर निघाले. पहिल्या साडेपाच तासांत तीन केळी, शेंगदाणा चिक्कीची एक मोठी वडी, सहा-सात खजूर, ग्लुकोज पावडर घातलेल्या पाण्याच्या दोन बॉटल, आणि कागलजवळच्या रसवंतीत एक मोठा ग्लास उसाचा रस. हे सगळं कर्बोदकांत मोजलं तर साधारण 240 ग्रॅम होतं, म्हणजे ताशी चव्वेचाळीसच्या आसपास. लांबच्या राइडला ताशी 30 ते 60 ग्रॅम घ्यावेत असं सांगतात, त्या मानानं सरांनी अर्धी राइड पुस्तकात लिहिल्यासारखी केली होती.

गोकुळ शिरगावहून परत फिरल्यावर मात्र चित्र पालटलं. कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी भाच्यानं खजूर पुढं केले तर सरांनी हात झटकला. "गोड बघायलाबी नको वाटूलालंय." ग्लुकोजची तिसरी बॉटल त्यांनी ओतून टाकली आणि साधं पाणी भरून घेतलं. निपाणीत अर्धं केळं कसंबसं खाल्लं, उरलेलं भाच्याला दिलं. तवंदी घाट चढताना दुपारचे दोन वाजत आले होते, ऊन डोक्यावर, आणि सर घाटभर एकाच गोष्टीबद्दल बोलत होते: मिरची भजी. "तुम्हाला डोहाळे लागलेत काय मामा?" असं भाच्यानं विचारलंही. तीनच्या सुमारास संकेश्वरात गाडा दिसला, "बिसी भजी हाय" (बिसी म्हणजे कानडीत गरम) असं ऐकू आलं, आणि पुढचं सांगायला नको.

गाड्यावरचा फोटो मी बराच वेळ मोठा करून बघितला. या भागात मिरची भजी एकटी येत नाही, सोबत चुरमुरे येतात. सरांच्या कागदावर लांबट, जाड मिरचीची चार भजी, वरनं मीठ भुरभुरलेलं, कडेला कांदा आणि ओंजळभर चुरमुरे. दुसऱ्या फोटोत भजी संपलेली आणि चुरमुऱ्यांचा ढीग जसाच्या तसा. पुढच्या तासाला जे लागणार होतं ते नेमकं त्या ढिगात होतं. चुरमुरे म्हणजे जवळपास निव्वळ तांदळाचं पिष्ट, शंभर ग्रॅमला 85-90 ग्रॅम कर्बोदकं, तेल नाही, चव खारट. सरांनी भजी घेतली आणि चुरमुरे गाईपुढं टाकले.

साडेअकरा ते चार या साडेचार तासांची बेरीज अशी: अर्धं केळं, दोन बिस्किटं, एक चहा. तीस ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे ताशी सहा-सात. भजी मी या बेरजेत धरली नाहीत. बेसनात पिष्ट असतं, पण तेलात तळलेलं अन्न जठरात रेंगाळतं. त्यात उन्हात चढ चढणाऱ्या माणसाचं रक्त पायांकडं आणि कातडीकडं धावत असतं, पोटाच्या वाट्याला थोडंच येतं. तीनला खाल्लेली भजी चारपर्यंत पायांत उतरणार नव्हती. ती वर मात्र आली, आंबट ढेकर होऊन, आणि त्यात मिरचीनं आपला हात धुऊन घेतला.

म्हणजे भज्यांनी त्रास दिला, हे खरं. पण हात थरथरणं, गार घाम, चिडचिड, पायांतलं बळ अचानक जाणं, हे भज्यांचं काम नव्हे. अंगातली साखर संपून असं गळून जाण्याला सायकलवाले बाँक म्हणतात. स्नायूंमध्ये साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतं आणि यकृतात शंभरेक. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृतातल्या साठ्याचं असतं आणि तो साठा रात्रीच्या झोपेतच बराचसा खर्च झालेला असतो. वरून भर पडत राहिली नाही तर पाच-सहा तासांत तळ दिसायला लागतो. कोल्हापूरपेक्षा बेळगाव दोनशेएक मीटर उंचावर आहे, म्हणजे परतीचा रस्ता एकूण चढाचाच. खर्च वाढला त्याच वेळी सरांची आवक थांबली.

खात्री कशी पटली? भाच्यानं घाबरून जवळच्या टपरीवरून कोल्ड्रिंक आणलं आणि सरांना थोडं थोडं पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत थरथर थांबली, बोलणं ताळ्यावर आलं. मीठ कमी पडल्यामुळं असं झालं असतं तर साखरेच्या पाण्यानं इतक्या लवकर उतार पडला नसता.

तरी दुसऱ्या शक्यता तपासाव्याच लागल्या. साध्या पाण्याचा मारा करून रक्तातलं सोडियम उतरवून घेणारे राइडर असतात, त्यांनाही मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळल्यासारखं होतं. सरांनी दिवसभरात पाचेक लिटर पाणी प्यालं होतं. पण बोटं सुजली नव्हती, अंगठी सैल फिरत होती, डोकं दुखलं नव्हतं, आणि साखर मिळताच ते सावरले. शिवाय त्यांची उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब अलीकडंच तपासलेले होते, दोन्ही ठीक. हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला सायकलवर असं झालं तर तो डॉक्टरांकडं नेण्याचा विषय आहे, माझ्या तक्त्यात तो बसत नाही.

आता मूळ प्रश्न. साखर हवी असताना साखरेचाच वीट का यावा?

एकच चव सारखी तोंडात पडत राहिली की त्या चवीपुरतं मन भरतं, बाकीच्या चवींची भूक मात्र शाबूत राहते. पंगतीत जिलबी नको म्हणणारा माणूस मठ्ठ्याची वाटी पुढं करतो, ते यातूनच. 1981 मध्ये बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगानं दाखवून दिलं: जो पदार्थ आताच खाल्लाय त्याचीच गोडी उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची फारशी उतरत नाही. सरांनी साडेपाच तास गोड सोडून दुसरी चव तोंडाला लागू दिली नव्हती. जीभ कंटाळली, आणि सरांना वाटलं पोट भरलं. उन्हात भूक तशीही मरते, त्यामुळं ते खोटं पोट भरणं खरंच वाटलं.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा सरांनी स्वतःच दिला. घरी पोचून आंघोळ झाल्यावर, रात्री जेवणानंतर, त्यांनी पाव किलो कुंद्यातला अर्धा एकट्यानं संपवला. दुपारी खजूर डोळ्यांपुढं नको होता त्या माणसानं! शरीराला गोड नको असतं तर रात्री दहालाही नकोच असायला हवं होतं.

मिठाचा भाग अगदीच खोटा होता असंही नाही. सरांच्या काळ्या जर्सीवर पाठीला पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तासाभराची राइड करून आधी आणि नंतर वजन घ्यायला लावलं, प्यालेलं पाणी धरून घाम निघाला ताशी आठशे मिलिलिटरच्या आसपास. लिटरभर घामात सरासरी एक ग्रॅम सोडियम जातं. माणसागणिक यात बराच फरक पडतो, तरी हिशोब मांडला तर आठ तासांत सहा ग्रॅम सोडियम, म्हणजे पंधराएक ग्रॅम मीठ गेलं. इतकं मीठ गेल्यावर खारटाची ओढ वाढते. म्हणजे सरांच्या ओढीत दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या, मिठाची खरी गरज आणि गोडाचा कंटाळा. या दोन्हींत जी तिसरी, सगळ्यात निकडीची गरज होती, तिच्याबद्दल जिभेनं चकार शब्द काढला नाही. रक्तातली साखर उतरायला लागली की ती थेट हातापायांतून बोलते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

माझं मत मी सरांना स्पष्ट सांगितलं. राइडवर होणारी वासना खोटी नसते, पण ती जिभेचा कंटाळा आणि अंगाची गरज यांत फरक करत नाही. तिचा मान राखावा चवीपुरता. किती खायचं, कधी खायचं, हे घड्याळाकडं सोपवावं.

यावर सरांचं उत्तर तयार होतं. "भजी बंद करा म्हणालात तर राइडच बंद."

बंद करायची गरजही नव्हती. त्यांना विचारलं, भज्यातलं नेमकं काय हवं होतं? आठवून म्हणाले, मीठ, तिखट, आणि थोडं लिंबू पिळलेलं आंबट. तेलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग खारट-आंबट-तिखट हे तिन्ही ठेवायचे, खाली बेसन-तेलाऐवजी तांदूळ किंवा बटाटा घालायचा, एवढाच बदल.

गोड न लागणारं पिष्टही अंगात गेल्यावर ग्लुकोजच होतं, हे वाचून माहीत असतं, पण सायकलवाल्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. गोड लागलं तरच ताकद, असं डोक्यात बसलेलं असतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात 2004 मध्ये झालेला एक प्रयोग मी सरांना सांगितला. सायकलपटूंनी माल्टोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे जवळपास बेचव अशा पिष्टसाखरेच्या पाण्यानं नुसती चूळ भरली आणि थुंकून टाकली. तासाभराच्या शर्यतीत त्यांची वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. पुढं 2009 मध्ये दिसलं की सॅकरीनच्या, म्हणजे गोड पण कर्बोदक नसलेल्या, पाण्यानं चूळ भरून असा फायदा होत नाही. तोंडाला कर्बोदक ओळखता येतं, आणि गोडी म्हणजे ते नव्हे. शास्त्राचे शिक्षक असल्यामुळं सरांना हे कुंद्यापेक्षा जास्त आवडलं.

बटाट्याचाही आधार आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये बारा तयारीच्या सायकलपटूंना एकदा जेल (राइडवर खायची कर्बोदकांची तयार घट्ट पुडी) आणि एकदा बटाट्याचा लगदा देऊन पाहिलं, दोन्हींत ताशी 60 ग्रॅम कर्बोदकं. कामगिरी सारखीच निघाली, बटाट्यानं पोट मात्र जास्त फुगलं. बेळगाव तालुक्यात बटाट्याला तोटा नाही. लहान बटाटे सालीसकट उकडून, मीठ-जिरं लावून, पाव किलोची पुरचुंडी हँडलबार बॅगेत. त्यात पन्नासएक ग्रॅम कर्बोदकं येतात.

पाण्याचं आम्ही असं ठरवलं: पाऊण लिटरच्या बॉटलीत सात-आठ चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. पाव चमचा मिठातून सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. ओआरएसची पुडी का नको, हे सरांनी विचारलं. जुलाबासाठीच्या त्या पुडीत लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. मीठ-पाणी भरून काढायला ती उत्तम, पण तिच्यावर दोनशे किलोमीटरचं पोट चालत नाही. रक्तदाबाच्या किंवा किडनीच्या माणसानं हे मिठाचं गणित उचलू नये, त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

महिना संपायच्या आत त्याच रस्त्यावर दुसरी राइड झाली. गोड पहिल्या तीन तासांपुरतं ठेवलं: केळी, खजूर, आणि गोकाकचं करदंट. करदंटात गूळ-डिंकाबरोबर सुकामेवा भरपूर, म्हणजे स्निग्धांश जास्त, ते सकाळच्या गारव्यातच बरं. नंतर गोड-खारट आलटून पालटून. परतीला निपाणीत उडुपी हॉटेलात चार इडल्या आणि दोन वाट्या सांबार, सांबारातून मीठ आणि पाणी दोन्ही. संकेश्वरात दहीभात. दहीभात घरून नेला असता तर उन्हात आंबला असता, म्हणून तिथंच घेतला. घरून नेली ती एक छोटी डबी, त्यात तळलेल्या चार सांडगी मिरच्या. भातावर मिरची कुस्करली की ताकाचा आंबटपणा, मीठ आणि तिखट एकदमच. सर म्हणाले, भज्याची आठवण झाली, पण जीव गेला नाही.

सगळंच जमलं असं नाही. बटाट्यानं पोट फुगलं, आता ते निम्मेच न्यायचे ठरलंय. चुरमुरे खिशात भरून चालत्या सायकलवर खायचा प्रयोग तवंदी घाटात वाऱ्यानं उधळून लावला, वर दोन दाणे घशात अडकून ठसका. चुरमुरे थांबूनच खायचे. आणि भज्यांची ओढ आलीच, त्याच सुमाराला, घाट चढतानाच, फक्त जोर कमी होता. ती पूर्ण जाईल असं मी सांगितलंही नव्हतं.

हिशोबात बसलं ते हे: दुसऱ्या अर्ध्यातही ताशी चाळीसच्या खाली आवक गेली नाही. वंटमुरीचा घाट सरांनी न उतरता चढला. काकतीपाशी थांबून त्यांनी एक प्लेट मिरची भजी मागवली आणि ती मी फोटोत बघितली तेव्हा हसू आलं, कारण या खेपेला चुरमुरेही संपले होते. तिथून घर हाकेच्या अंतरावर, पोट काय म्हणायचं ते घरी जाऊन म्हणू दे. बेळगावात सात वाजायच्या आधी.

आता सरांना 300 करायची आहे, वेळ वीस तास. त्यात रात्र येते, आणि रात्रीची ओढ वेगळी असते. गार वाऱ्यात गरम, पातळ, आमटी-भातासारखं काहीतरी हवंसं वाटतं, असं तीनशे केलेले बहुतेक सांगतात. त्याचं गणित अजून मांडायचंय. सध्या भाचा या रस्त्यावर रात्री बारानंतर चूल चालू असलेले ढाबे कुठले, त्याची यादी करतोय.